तोबऱ्याचा खर्च कोणी द्यायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राजर्षी शाहू महाराजांची घोड्यांची गोष्ट कोल्हापुरात कोणाला नव्याने सांगायला नको. तरीही आजच्या विषयासाठी ती थोडक्यात आठवू या. सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर महाराजांना म्हणाले की, नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या जात पाहून देऊ नयेत, लायकी पाहून द्याव्यात. महाराज वाद घालत बसले नाहीत. ते त्यांना पागेत घेऊन गेले. घोडी आपापल्या तोबऱ्यातून चंदी खात होती. महाराजांनी हुकूम केला, तोबरे सोडा, सगळी चंदी एकत्र पसरा आणि घोड्यांना मोकळे सोडा. झाले! धट्टीकट्टी जनावरे लाथा झाडत पुढे घुसली आणि चंदीवर तुटून पडली. अशक्त घोडी आणि लहान शिंगरे लांब उभी राहून नुसती पाहत राहिली. अभ्यंकरांना उत्तर मिळाले. अशी ही आठवण सांगितली जाते.

मी अनेक वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. सार्वजनिक आय-व्ययाचे प्रकरण आले की ही गोष्ट मी दरवर्षी सांगत असे आणि वर्ग दरवर्षी खूश होत असे. एका वर्षी मात्र मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. डोंगराकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. म्हणाला, ‘सर, पण रोज तोबरे बांधायला किती गडी लागत असतील?’ वर्ग हसला, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र मला माझ्या हसण्याची थोडी लाज वाटली. कारण सगळ्या अर्थशास्त्राने दोनशे वर्षे ज्या प्रश्नावर डोके फोडून घेतले, तो त्या पोराने एका वाक्यात विचारला होता.

चंदी पसरून टाकायची तर एक माणूस पुरतो, पाच मिनिटांचे काम. प्रत्येक जनावराच्या तोंडाला स्वतंत्र तोबरा बांधायचा तर आधी तोबरे शिवून घ्यायला हवेत. ते मोजून भरायला हवेत, बांधायला आणि सोडायला मोतद्दार हवेत. मोतद्दार चंदीतले चार मुठी हरभरे घरी नेत नाही ना, हे पाहायला वर आणखी एक माणूस हवा. म्हणजे समान वाटपाला खर्च येतो. तो खर्च कोठून तरी काढावा लागतो, आणि बहुधा तो चंदीतूनच निघतो. सरकारी धोरणात समता आणि कार्यक्षमता यांची जी ओढाताण चालते ती हीच. आहे त्या साधनांतून जास्तीत जास्त पदरात पडावे ही झाली कार्यक्षमता, आणि जे पडेल ते सर्वांच्या वाट्याला यावे ही झाली समता. दोन्ही हव्यात. पण दोन्ही एकाच वेळी, फुकटात मिळतील असे सांगणारा माणूस बहुधा निवडणुकीला उभा असतो.

अमेरिकेत आर्थर ओकन नावाचे एक अर्थतज्ज्ञ होऊन गेले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे ते काही काळ अध्यक्ष होते. १९७५ साली त्यांनी याच विषयावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी एक कोडे घातले आहे. श्रीमंताकडचा पैसा गरिबाकडे न्यायचा आहे, पण न्यायला जी बादली आहे ती गळकी आहे. वाटेत काही पैसा गळणारच. कारकून, कागद आणि कचेऱ्या यांच्यावर काही जाणार, कर वाढले म्हणून कोणी कमी काम करणार, मदत मिळते म्हणून कोणी हात आखडणार. मग शंभरातले किती गळेपर्यंत तुम्ही बादली वाहत राहाल? दहा? पन्नास? ओकन यांनी आपल्या उदाहरणापुरते स्वतःचे उत्तरही देऊन टाकले आहे. साठ टक्के गळती झाली की मी थांबेन, असे ते म्हणतात. कोणाला ते फार वाटेल, कोणाला थोडे. उत्तर गणिताचे नाही, मनाचे आहे, एवढेच त्यांना दाखवायचे होते.

आपण पाण्याच्या मुलखातली माणसे. आपल्याला गळतीबद्दल आणखी एक गोष्ट माहीत आहे, जी बादलीच्या उदाहरणात येत नाही. पाटाचे पाणी पाझरते, पण पाझरलेले सगळेच वाया जात नाही. पाटाखालच्या विहिरीला ते लागते. अभियंत्याच्या वहीत जो तोटा असतो तो एखाद्याच्या विहिरीचा झरा असतो. अर्थात उलटेही होते. शिरोळकडे जाऊन पाहा, अति पाण्याने क्षारपड झालेली, पांढरी पडलेली काळी रानेच्या राने दिसतील. तेव्हा नुसते ‘गळती आहे’ म्हणून भागत नाही. गळालेले कोठे गेले, हे बघावे लागते. योजनांच्या बाबतीत आपण ते क्वचितच बघतो.

आता पुन्हा महाराजांकडे येऊ. १८९४ साली त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या सामान्य प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, आणि ५०० कारकुनी जागांपैकी ब्राह्मणेतरांकडे होत्या अवघ्या १०. महाराज इंग्लंडला राज्यारोहण समारंभासाठी गेले असताना, २६ जुलै १९०२ रोजी तो प्रसिद्ध हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. ओरड झाली. कारभार बिघडेल, लायक माणसे डावलली जातील, कामात ढिलाई येईल, हा त्या ओरडीचा सूर. म्हणजे कार्यक्षमतेचाच मुद्दा.

हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. नव्याने कामाला लागलेला, घराण्यात आधी कोणी दौत-टाक न धरलेला कारकून पहिल्या वर्षी चार चुका जास्त करणार, हे उघड आहे. पण मुद्द्याची दुसरी बाजू कोल्हापूरकराला तालमीच्या भाषेत चांगली समजेल. समजा, एकाच गल्लीतल्या पोरांना तालमीत प्रवेश आहे. त्यातला जो सर्वांत तगडा तो आपण खासबागेत उतरवला आणि म्हणालो, पाहा, आम्ही निवड अगदी गुणवत्तेवर करतो! निवड खरोखरच गुणवत्तेवर झाली. फक्त निवडायला पोरे किती होती, हे कोणी विचारले नाही. ज्या राज्यात बहुसंख्य घरांतली मुले शाळेची पायरीच चढत नाहीत, तिथे उरलेल्या मूठभरांतून काढलेला उत्तम माणूस हा राज्यातला उत्तम माणूस नसतो. १९१२ पर्यंत चित्र बदलले. ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे ३५ उरल्या. आणि कारभार बुडाला नाही, हे तर इतिहासच सांगतो. याच काळात राधानगरीच्या धरणाचे काम निघाले, शाहू मिल उभी राहिली.

मला मात्र त्या हुकुमापेक्षा बोर्डिंगांची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते, कारण तिच्यात खर्च दिसतो. महाराजांनी आधी, १८९६ मध्ये, सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मिळून एकच वसतिगृह काढून पाहिले होते. हिशेबाने तेच स्वस्त. एक इमारत, एक स्वयंपाकघर, एक व्यवस्थापक. पण काही वर्षांत तिथे जवळजवळ ब्राह्मण मुलेच उरली. पसरलेल्या चंदीचीच गत. मग महाराजांनी महागडा मार्ग धरला. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. पुढे लिंगायत, नाभिक, देवांग, दैवज्ञ अशी रांगच लागली. जितकी बोर्डिंगे तितक्या चुली. एखादा काटेकोर हिशेबनीस म्हणाला असता, महाराज, हा काय उधळेपणा! त्याचे गणित चुकले नसते. पण त्या वेगवेगळ्या चुलींवर जेवून शिकलेली पोरे नंतर वकील झाली, मास्तर झाली, मामलेदार झाली. माझे आजोबा त्यांतलेच एक. घरातला पहिला सही करणारा माणूस. ते बोर्डिंगातल्या आमटीबद्दल आयुष्यभर तक्रार करीत आणि बोर्डिंगाबद्दल चकार वाईट शब्द ऐकून घेत नसत.

आणि इथेच गोष्टीला एक वळण आहे. कुंभोजला जन्मलेले, याच कोल्हापुरात शिकायला राहिलेले भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. शिवाय मुलांनीच राबायचे, पिकवायचे, रांधायचे. ‘कमवा आणि शिका’. म्हणजे जी समता महाराजांना वेगवेगळ्या चुली मांडून विकत घ्यावी लागली होती, ती कर्मवीरांनी एका चुलीवर आणली. त्यात फुकट खाल्ल्याने मुले आळशी होतील हा आक्षेपही परस्पर निकालात निघाला. समाज दरम्यान वीस वर्षांनी पुढे सरकला होता, हे खरेच. पण समता आणि काटकसर यांचे भांडण दिसले की ते कायमचेच आहे असे मानून बसू नये. कधी कधी नुसती योजनेची मांडणी वाईट असते.

हे सगळे जुने झाले. ज्यासाठी आज बोलायला बसलो, ती गोष्ट आजची आहे. शाळांची.

१९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. गोखलेही एका अर्थाने आपलेच, कागलला आणि कोल्हापुरात शिकलेले. १९१२ मध्ये विधेयक पडले. एवढ्या मोठ्या देशाला हा खर्च झेपणार कसा, हेही एक कारण पुढे केले गेले होते. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ मध्ये, आमच्या एवढ्याशा संस्थानाने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड. साम्राज्याला जे महाग वाटले ते करवीरला परवडले!

आता सप्टेंबर २०२३ मध्ये या. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांची संख्या चौदा हजारांवर गेली होती. शिक्षण खात्याने परिपत्रक काढून अशा शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याबाबत प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधले तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातले पानशेत ही उदाहरणे समोर ठेवली. विरोध झाला, मोर्चे निघाले. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असा खुलासाही सरकारकडून झाला. पण प्रश्न काही परिपत्रकाबरोबर आला नव्हता आणि खुलाशाबरोबर गेलाही नाही. जन्मदर घटतो आहे, माणसे गाव सोडून शहराकडे चालली आहेत, ज्यांना परवडते ते मुलांना तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घालतात. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर आठ-दहा पोरांची शाळा ही काही अपूर्वाई राहिलेली नाही.

आठ मुलांना दोन शिक्षक. कचेरीत बसून कागदावर पाहिले तर हे पटणारे नाही. त्याच पैशात खाली मोठ्या गावात प्रयोगशाळा होईल, ग्रंथालय होईल, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक मिळेल. हा युक्तिवाद निव्वळ पैशाचाही नाही. चौथीच्या वर्गात एकच मुलगी असेल तर ती कोणाशी बोलणार, कोणाशी स्पर्धा करणार? एक शिक्षक रजेवर आणि दुसरा कामकाजाच्या सभेला गेला की शाळेला कुलूप. अशी शाळा घराजवळ आहे म्हणून समता साधली, असे मी तरी म्हणणार नाही. जवळची निकृष्ट शाळा आणि लांबची चांगली शाळा, यांतली कोणती जास्त समतेची? समतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. आपण तो बहुतेक वेळा टाळतो.

पण समोरच्या हिशेबातही एक भोक आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याखालच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. सहा वर्षांचे पोर किती चालू शकते, याचा विचार त्यामागे आहे. शाळा पाच किलोमीटर खाली गेली म्हणजे दोन शिक्षकांचा पगार वाचला, ही सरकारी वहीतली शिल्लक. आता धनगरवाड्यावरच्या आईची वही उघडा, म्हणजे तिच्याकडे वही असती तर. सकाळी मुलाला खाली सोडायला जायचे, दुपारी आणायला जायचे. तिचा निम्मा रोज बुडाला. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की चार-चार दिवस शाळा नाही. मुलगा असेल तर कसाबसा जाईल, मुलगी असेल तर वयात येईपर्यंत जाईल. खर्च नाहीसा झालेला नाही, वरच्या वहीतून काढून खालच्या वहीत टाकला आहे. आणि खालची वही कोणी तपासत नाही, म्हणून वर बचत दिसते. ‘कार्यक्षमता’ हा शब्द कानावर पडला की मी आता पहिल्यांदा एवढेच विचारतो, ही बचत नेमकी कोणाच्या वहीतली?

याला उत्तर म्हणून गाडीचे नाव पुढे येते. शाळा लांब गेली तर मुलांना गाडी देऊ. इथे एसटीची आठवण येणे साहजिक आहे, कारण हाच पेच एसटी १९४८ सालापासून सोडवते आहे. एसटीच्या भाषेत एक शब्द आहे, भारमान. गाडीत जितकी आसने, त्यांतली किती भरली त्याची टक्केवारी. कोल्हापूर-पुणे गाडीचे भारमान उत्तम, डोंगरातल्या मुक्कामाच्या गाडीचे बेताचे. नुसता धंदा करायचा असता तर मुक्कामाची गाडी कधीच बंद झाली असती. वडाप ती जागा भरून काढते खरे, पण वडाप माणसे भरल्याशिवाय सुटत नाही आणि पावसात, आजाऱ्याला घेऊन, रात्री-अपरात्री तर मुळीच नाही. एसटीचे ब्रीदच ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’, तेव्हा पुण्याच्या गाडीने कमवायचे आणि डोंगराच्या गाडीने गमवायचे, अशी ही घरातलीच वाटणी. काही मार्गांवर ती आता नीट चालत नाही, कारण कमावत्या मार्गांवर खासगी गाड्या आल्या आणि तोट्याचे मार्ग मात्र एसटीकडेच राहिले. आगार व्यवस्थापकाला दोष देण्यात अर्थ नाही. हातात गाड्या मोजक्या आणि वरून उत्पन्नाचे उद्दिष्ट, तो तरी काय करणार?

तरी भारमान मोजताना काय मोजले जात नाही, ते पाहा. त्या मुक्कामाच्या गाडीतून सकाळी शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे येत असत. अजूनही काही ठिकाणी येतात. आईने पहाटे थापलेली भाकरी दहा वाजता स्टँडवर पोराच्या हातात. त्याच गाडीने वर्तमानपत्र जाते, बाळंतपणाला अडलेली बाई खाली येते, सातवी-आठवीतल्या मुली शाळेला जातात. त्या गाडीच्या जोरावर एखाद्या वाडीतली पहिली मुलगी बारावी झाली तर तिचे तिकीट कोणत्या रकान्यात धरायचे? तिचा पास तर अहिल्याबाई होळकर योजनेतला, मोफत. वाहकाच्या हिशेबात ती शून्य.

मग गळती कमी कशी करायची? निदान या बाबतीत आपल्या भागाने देशाला काही शिकवले आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये आपल्या गावात एक साधा प्रयोग केला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेची कसोटी लागली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशभरासाठी कायदा केला. महाराष्ट्रातल्या नोकरदारांच्या पगारातून दरमहा जो व्यवसाय कर कापला जातो, तो रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ पासून सुरू झाला. पगाराच्या चिठ्ठीवर कुरकुर करताना हे कोणाच्या लक्षात नसते.

पागेंच्या कल्पनेतली खुबी अशी की, गरीब कोण हे ठरवायला तिला तलाठ्याचा दाखला लागत नाही. उन्हात खडी फोडायला, माती उपसायला बागायतदार येणार नाही. ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल. चाळणी कामातच बसवलेली. बोगस हजेरीपटांची प्रकरणे झाली, नाही असे नाही. मोतद्दार हरभरे नेतोच. पण दाखल्यांच्या मागे लागून जे होते ते याहून वाईट. १९९९ मध्ये राज्यात पिवळे, केशरी आणि पांढरे असे तीन रंगांचे रेशनकार्ड आले. पिवळ्याला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा होती पंधरा हजार रुपये. हेतू चांगला होता, खऱ्या गरजूलाच द्यावे, धान्य वाया जाऊ नये. झाले असे की ज्याला कचेरी माहीत होती त्याला दाखला मिळाला, आणि रोजंदारी बुडवून तहसीलच्या चार खेपा घालणे ज्याला परवडत नव्हते तो मागे राहिला. गळती बुजवायला बादलीला ठिगळे लावता लावता बादलीचे तोंडच शिवून टाकण्याचा प्रकार.

पागेंच्या चाळणीचे एक उदाहरण नकळत अलीकडेही घडले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना निम्मे तिकीट झाले. श्रीमंत बाईलाही निम्मे कशाला, असे एका परिचितांनी मला तावातावाने विचारले. मी म्हटले, तुमच्या घरातल्या किती जणी एसटीने जातात? ते थोडे थांबले. स्वतःची मोटार असलेली बाई स्टँडवर येऊन तासभर उभी राहत नाही. एसटीत बसणे हीच चाळणी.

मात्र समतेचे नाव घेऊन चाललेले सगळेच समतेचे असते असे नाही. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली. शेतकऱ्याचे ओझे हलके झाले, मला आनंदच आहे, माझ्या भावकीतही पंप आहेत. पण ज्याच्याकडे विहीर नाही, नदीकाठी जमीन नाही, किंवा जमीनच नाही, त्याला या मोफतीतले काय मिळाले? आणि वीज फुकट म्हटल्यावर पाणी मोजून कोण देणार? इथे समताही थोडी आणि कार्यक्षमताही थोडी. याउलट पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचे, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस लावायचा नाही. त्याच पाण्यात जास्त घरे जगली. आमच्या उसाच्या राज्यात हे बोलणे जरा धाडसाचेच, पण बोललो.

ज्याने तोबऱ्याचा प्रश्न विचारला तो विद्यार्थी पुढे प्राथमिक शिक्षक झाला. गेली काही वर्षे तो डोंगरातल्या एका वाडीवर आहे. शाळेचा पट नऊ. मला वाटले होते, तो शाळा वाचवा म्हणून तावातावाने बोलेल. तो म्हणाला, ‘सर, खरे सांगू? खालच्या शाळेत पोरांचे भलेच होईल. इथे कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नाहीत. पण जून ते सप्टेंबर रस्ता राहत नाही, तेव्हा मुले खाली राहणार कुठे, ते आधी सांगा म्हणावे.’ ग्रामसभेत त्याने दोन गोष्टी लिहून दिल्या. पावसाळ्याचे चार महिने पहिली-दुसरीचा वर्ग वाडीतच ठेवावा, मग तेवढ्यापुरता एक शिक्षक वर राहिला तरी चालेल. आणि बाकीच्या महिन्यांत गाडी देणार असाल तर गाडीत लहान मुलांबरोबर बसायला एक बाई द्यावी, तिचा पगार आधी मंजूर करावा, शाळा नंतर हलवावी.

कागद वर गेला आहे. अजून उत्तर आलेले नाही. जूनमध्ये त्याच्या शाळेत पहिलीला दोन मुली आल्या, पट अकरा झाला.